गोळी कमी करताना अंग पुन्हा आखडलं तर : पॉलिमायाल्जियात कोणत्या क्रमाने काय करायचं

पारोळ्यात माझं औषधाचं दुकान आहे. पॉलिमायाल्जिया रुमॅटिका म्हणजे उतारवयात खांदे, मान आणि खुबे सकाळी आखडून दुखण्याचा आजार. तो प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळीने दाबतात आणि मग गोळी हळूहळू कमी करतात. त्याचे रुग्ण काउंटरवर रोज येत नाहीत, पण जे येतात त्यांच्या चुका ठरलेल्या असतात. एकाचं अंग डोस कमी केल्यावर तिसऱ्याच दिवशी दुखतं आणि तो थेट सुरुवातीच्या २० मिलिग्रॅमवर जातो. दुसरा महिनाभर सहन करतो, बाजेवरून उठवायला दोन माणसं लागू लागली की मग मुलाला दुकानावर पाठवतो. तिसऱ्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की स्टिरॉइडने हाडं जातात, म्हणून तो गोळी एका दिवसात बंद करतो.

यातली पहिली चूक माझ्या आईच्या बाबतीत मी स्वतः केली. औषधाच्या दुकानात उभं आयुष्य गेलं, तरी केली. आई सकाळी म्हणाली, "भाऊ, मन्हं आंग आखडी गयं," आणि मी डॉक्टरांना फोन न करता तिला आठवडाभर २० मिलिग्रॅम दिली. त्याने काय बिघडलं ते पुढे योग्य जागी सांगतो.

हा लेख ज्यांचं निदान डॉक्टरांनी पक्कं केलं आहे आणि ज्यांची प्रेडनिसोलोन सुरू आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. यातले आकडे डॉक्टर काय करत आहेत ते कळावं आणि फोनवर नेमकं बोलता यावं म्हणून दिले आहेत. डोस बदलायचा तो त्यांना विचारूनच.

## टप्पा १ : डोस उतरवायला लागण्याआधीची तयारी

दुखणं उलटतं तेव्हा घाई होते, आणि घाईत माहिती गोळा होत नाही. म्हणून तयारी बरं असतानाच करायची.

वही. साधी शंभर पानी वही पुरते. रोज एक ओळ: तारीख, सकाळी घेतलेली गोळी किती मिलिग्रॅमची, उठल्यावर अंग मोकळं व्हायला किती मिनिटं लागली, दुखणं किती. दुखणं आकड्यात सांगणं जुन्या माणसांना जमत नाही. "दहापैकी किती?" विचारलं की आई गोंधळायची. "सोळा आण्यांपैकी किती?" विचारल्यावर लगेच म्हणाली, "चार आणे." तेव्हापासून आमच्या वहीत आणेच आहेत, आणि डॉक्टरांनाही ते चालतात.

त्याच ओळीत रोजच्या तीन कामांपुढे खूण करा. कामं अशी निवडा की खांदे आणि खुबे दोन्ही कळतील. आईची तीन कामं अशी: मागच्या केसांना कंगवा फिरवणं, दोरीवर साडी वाळत टाकणं आणि चुलीसमोरच्या पाटावरून हात न टेकता उठणं. बाबांसाठी सदऱ्यात हात घालणं, फळीवरचा डबा काढणं आणि खाटेवर कूस बदलणं चालेल. पॉलिमायाल्जिया या कामांत आधी दिसतो, बोलण्यात नंतर येतो.

बरं असतानाचं रक्त. ज्या डोसवर रुग्ण अगदी ठीक आहे, त्या डोसवर असताना एकदा सीआरपी आणि ईएसआर या अंगातली सूज (दाह) दाखवणाऱ्या रक्ताच्या दोन तपासण्या करून कागद वहीत चिकटवा. उद्या दुखलं आणि ईएसआर ३८ आला, तर तो वाढलेला आहे की त्या माणसाचा नेहमीचाच आहे, हे त्या जुन्या कागदाशिवाय कळत नाही. वय आणि रक्त कमी असणं या दोन्हींमुळे ईएसआर तसाही चढा राहतो.

गोळ्या. हा माझ्या कामाचा भाग, म्हणून इथे जास्त लिहितो. प्रेडनिसोलोनच्या ५, १० आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या आपल्याकडे कुठेही मिळतात. १ मिलिग्रॅमची सहसा मिळत नाही. त्यामुळे होतं असं की डॉक्टर लिहितात "हळूहळू कमी करा" आणि घरी ५ ची गोळी असते, मग १० वरून एकदम ५. तो धक्का मोठा आहे. दुकानदाराला २.५ मिलिग्रॅमची गोळी मागवायला सांगा. धुळ्या-जळगावच्या घाऊक बाजारातून ती येते, फक्त आधी सांगावं लागतं. ती अर्धी केली की १.२५ मिलिग्रॅमची पायरी मिळते. गोळी सुरीने तोडू नका, गोळी कापायची छोटी डबी मिळते ती घ्या. पोटासाठी म्हणून वरून चकचकीत लेप दिलेली गोळी मात्र कधीच तोडायची नाही.

*सावध:* नाव वेगळं असेल तर मिलिग्रॅमही वेगळे असतात. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम म्हणजे साधारण मिथाइलप्रेडनिसोलोन ४ मिलिग्रॅम किंवा डेफ्लाझाकॉर्ट ६ मिलिग्रॅम. "ती नाहीये, ही घ्या, तीच आहे" म्हणून कोणी दुसरी पट्टी दिली आणि तुम्ही आकडा तोच ठेवलात, तर नकळत डोस बदलतो. पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव प्रत्येक वेळी वाचा. घरात किमान १५ दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवा. रविवार, पोळा आणि दिवाळीत दुकानं बंद असतात.

तीन प्रश्नांची उत्तरं डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. दुखणं उलटलं तर मी कोणत्या डोसवर परत जायचं? वाढवण्याआधी रक्त कुठे द्यायचं? तुम्ही भेटला नाहीत तर कोणाला दाखवायचं? संधिवाततज्ज्ञ बहुतेकांना नाशिकला किंवा संभाजीनगरला गाठावे लागतात आणि दोन-दोन महिन्यांनी भेटतात. ही तीन उत्तरं कागदावर असली तर गावातल्या डॉक्टरांनाही हात घालायला धीर येतो.

पुडी बंद. खान्देशातल्या बाजारांत सांध्यांसाठी नाव नसलेल्या गोळ्या, काळ्या पुड्या मिळतात. त्यांतल्या बऱ्याच पुड्यांत स्टिरॉइडच मिसळलेलं सापडतं. अशी पुडी चालू असेल तर तुम्ही खरोखर किती डोसवर आहात हे कोणालाच कळणार नाही, आणि पुढचा एकही टप्पा लागू पडणार नाही. घेत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तीही अचानक सोडू नका.

## टप्पा २ : उतरण किती वेगाने

सुरुवात साधारण १२.५ ते २५ मिलिग्रॅममध्ये कुठेतरी होते. चार ते आठ आठवड्यांत १० पर्यंत येतात. १० च्या खाली मात्र दर चार आठवड्यांना सुमारे १ मिलिग्रॅम, किंवा आपल्याकडच्या गोळ्यांच्या हिशोबाने १.२५. याचा अर्थ १० वरून शून्यावर यायला बरं चाललं तरी आठ-दहा महिने लागतात. बहुतेकांचं सगळं औषध दीड-दोन वर्षं चालतं, काहींचं त्याहून जास्त.

खालच्या डोसला एवढा वेळ का लागतो, हे समजलं तर धीर धरता येतो. २० वरून १७.५ वर आलात तर आठवा हिस्सा गेला. ५ वरून २.५ वर आलात तर निम्मं गेलं. मिलिग्रॅम तेवढेच, पण शरीराला बसणारा धक्का चौपट. म्हणूनच बरीचशी दुखणी १० च्या खाली उलटतात.

पायरी उतरायचा दिवसही निवडून ठरवा. कापूस वेचणीचा हंगाम, घरचं लग्न, आखाजीला लेकी माहेरी येतात तो आठवडा, चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जायचं असेल तो काळ, या दिवसांत नवी पायरी नको. अंग कामाने दुखतंय की औषध कमी झाल्याने, हे मग ओळखता येत नाही. एक पायरी पंधरा दिवस उशिरा घेतल्याने काही बिघडत नाही.

*पडताळा:* आधीच्या पायरीचे शेवटचे दोन आठवडे वहीत शांत आहेत का? सकाळचा आखडलेपणा पंधरा-वीस मिनिटांच्या आत आहे का? नसेल तर पुढची पायरी घेऊ नका, डॉक्टरांना वही दाखवा.

## टप्पा ३ : दुखलं त्या सकाळी काय करायचं

नेहमीची सकाळची गोळी नाश्त्यानंतर घ्या. जास्तीची घेऊ नका आणि चुकवूही नका. मग आधी धोक्याची लक्षणं तपासा. बाकी सगळं त्यानंतर.

पॉलिमायाल्जियाच्या काही रुग्णांना जायंट सेल आर्टेरायटिस हा रक्तवाहिन्यांचा आजार होतो. त्यात डोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि गेलेली नजर बहुधा परत येत नाही. म्हणून हे प्रश्न नेमके असेच विचारा:

- कानशिलात किंवा डोक्यात पूर्वी कधी नव्हतं असं नवं दुखणं आहे का?
- कंगवा लावला किंवा उशीवर डोकं टेकलं की डोक्याची कातडी दुखते का?
- भाकरी चावता चावता जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं, असं होतं का?
- एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं, धूसर किंवा एकाचं दोन दिसलं का, जरी ते पाचच मिनिटं टिकलं तरी?

एकाही प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. नजरेची तक्रार असेल तर त्याच तासाला निघा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे पोचल्यावर "पॉलिमायाल्जिया आहे, स्टिरॉइड चालू आहे, कानशील दुखतंय" हे तीन शब्दसमूह आधी बोला. या आजारात डोस ४० ते ६० मिलिग्रॅमच्या घरात जातो, आणि शंका पक्की असेल तर डॉक्टर तपासणीच्या निकालाची वाट न बघता तो सुरू करतात.

*सावध:* जबड्याचं दुखणं दातांवर ढकलू नका. कवळी घट्ट बसते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे महिना घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

## टप्पा ४ : हे नेमकं कोणतं दुखणं?

धोक्याचं काही नसेल तर आता घाई नाही. दोन-तीन दिवस बघता येतं, आणि बघायलाच हवं, कारण डोस उतरवताना होणारं प्रत्येक दुखणं म्हणजे आजार उलटणं नव्हे. बहुतेक चुका याच टप्प्यावर होतात. चार शक्यता वेगळ्या करा.

१. औषध कमी झाल्याची कुरकुर. पायरी उतरल्यावर पहिल्या काही दिवसांतच सुरू होते. दुखणं कुठे एका जागी नसतं: मांड्या, पोटऱ्या, पाठ, सगळं अंग. सोबत थकवा, चिडचिड, उदास वाटणं. दिवसभर सारखंच राहतं, सकाळी फार जास्त आणि दुपारी मोकळं असं होत नाही. एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. इथे डोस वाढवायचा नसतो. पॅरासिटामॉल, गरम पाण्याची अंघोळ, हलकं चालणं आणि थोडी वाट.

२. आजार खरंच उलटणं. हे सहसा लगेच होत नाही. पायरी उतरून दोन-तीन आठवडे, कधी महिना होतो आणि मग दुखणं रोज थोडं थोडं चढतं. जागा पहिल्याच: दोन्ही खांदे, दंडांचा वरचा भाग, मान, खुबे. रात्री कूस बदलताना जाग येते. सकाळी पाऊण तास, तास अंग लाकडासारखं, आणि दुपारपर्यंत बरंचसं मोकळं. आपल्या तीन कामांपैकी दोन अडतात. रुग्ण बहुधा स्वतःच सांगतो, "पहिल्यासारखं झालं." या वाक्याला मी फार किंमत देतो.

३. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड अपुरं पडणं. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी हे संप्रेरक (कॉर्टिसॉल) रोज बनवतात. बाहेरून महिनोन्‌महिने गोळी मिळाली की त्या झोपतात. डोस साधारण ५ च्या आसपास किंवा खाली आला की त्यांना पुन्हा काम करावं लागतं, आणि कधी त्या वेळेवर जाग्या होत नाहीत. मग उठताना चक्कर, भूक मेलेली, मळमळ, वजन उतरणं, रक्तदाब कमी, पायांत जीव नाही. इथे आखडलेपणापेक्षा गळून जाणं जास्त असतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा घरचे म्हणतात, ऊन लागलं, पन्हं द्या. पन्हं द्याच, पण ५ च्या खालच्या डोसवर असलेल्या माणसाला अशी चक्कर आली तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून डॉक्टरांना फोन करा. सकाळचं कॉर्टिसॉल तपासून यातलं बरंच कळतं.

४. दुसरंच काही. एकाच खांद्याचं दुखणं, तेही मधुमेह असलेल्याला, हात मागे वळतच नाही: खांदा गोठलेला असू शकतो. गुडघ्याचं दुखणं संध्याकाळी आणि चालल्यावर वाढतं: झीज. पावसाळ्यानंतर ताप येऊन बोटं आणि घोटे सुजले: चिकुनगुनिया बघा. कोलेस्टेरॉलची नवी गोळी सुरू झाल्यावर मांड्या दुखू लागल्या: ती गोळी दाखवा. आणि कंबरेच्या वर पाठीत अचानक, वाकल्यावर किंवा हंडा उचलल्यावर कळ निघाली तर मणका दबला आहे का, याचा एक्स-रे काढावाच लागतो, कारण स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात. या सगळ्यांना स्टिरॉइड वाढवून थोडं बरं वाटू शकतं आणि खरं कारण तसंच राहतं.

*पडताळा:* वही उघडा आणि चार ओळी लिहा. शेवटची पायरी कोणत्या तारखेला उतरलो? दुखणं कितव्या दिवशी सुरू झालं? कुठे? सकाळी किती मिनिटं? या चार उत्तरांवरून दहापैकी सात-आठ वेळा डॉक्टरांना फोनवरच अंदाज येतो, असा माझा अनुभव आहे.

## टप्पा ५ : आधी रक्त, मग डोस

उलटल्यासारखं वाटत असेल तर वाढीव गोळी घेण्याआधी सीआरपी आणि ईएसआर द्या. क्रम उलटा केला की तपासणीचा उपयोग जातो. मी हेच बिघडवलं होतं. आईला आठवडाभर २० दिल्यावर आम्ही तज्ज्ञांकडे गेलो, तोवर सीआरपी साफ उतरलेला. ते म्हणाले, आता मी कसं सांगू की आजार उलटला होता की नुसती कुरकुर होती? शिवाय आईला मधुमेह आहे. त्या आठवड्यात दुपारच्या जेवणानंतरची तिची साखर ३०० च्या वर गेली होती, आणि मी उपाशीपोटीची १२० बघून निश्चिंत होतो.

सीआरपी वाढलेला असेल तर लघवीची जळजळ, खोकला, दाताचं गळू, पायाची जखम हे आधी विचारा. संसर्गानेही तो वाढतो. उलट, आकडे चांगले असूनही आजार उलटलेला असू शकतो, विशेषतः गोळी चालू असताना. म्हणून कागद आणि वही दोन्ही सोबत न्या. आकडे चांगले आले म्हणून रुग्णाचं "पहिल्यासारखं झालं" खोटं ठरवू नका.

## टप्पा ६ : वाढवायचं तर कितीवर जायचं

सुरुवातीच्या डोसवर नाही. ज्या शेवटच्या डोसवर रुग्ण ठीक होता, त्या डोसवर. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं तर हे ठेवा.

आईचंच उदाहरण घ्या. १५ वर सुरू, दोन महिन्यांत १० वर, मग ७.५ वर सहा आठवडे उत्तम. तिथून मी २.५ ची गोळी न मागवता थेट ५ वर आणलं, आणि तिसऱ्या आठवड्यात अंग आखडलं. योग्य पाऊल होतं ७.५ वर परत जाणं. २० ची गरज कधीच नव्हती. पुढच्या वर्षी ५ वर पुन्हा उलटलं तेव्हा आम्ही ६.२५ वर गेलो, आणि पाचव्या दिवशी तिने साडी दोरीवर स्वतः टाकली.

आराम पडायला साधारण काही दिवस ते आठवडा लागतो. आठवड्याने थोडाही फरक नसेल तर स्वतःहून आणखी वाढवत जाऊ नका. एक तर शेवटचा बरा डोस चुकीचा धरला आहे, नाहीतर दुखणं टप्पा ४ मधलं दुसरंच काही आहे. डॉक्टरांनी पुन्हा बघायला हवं.

डोस वाढलेल्या काळात या गोष्टी सोबत करा:

- मधुमेह असो वा नसो, साखर दुपारी जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. सकाळच्या गोळीने साखर दुपारपासून संध्याकाळपर्यंत चढते, पहाटेपर्यंत उतरते. उपाशीपोटीचा आकडा फसवतो.
- डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्टिरॉइडसोबत घेतल्या की पोटात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मूत्रपिंडालाही त्या जड जातात. पॅरासिटामॉल चालतं.
- कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे ना, बघा. हाडांची घनता मोजली नसेल तर विचारा.
- रक्तदाब आठवड्यातून दोनदा.

*सावध:* "दोनच दिवस जास्त घेतो, मग परत नेहमीची" असं वरखाली करू नका. त्याने आजार दबत नाही, फक्त कुठल्या डोसवर काय झालं हे कळेनासं होतं.

## टप्पा ७ : पुन्हा उतरताना

बरं वाटू लागल्यावर त्या डोसवर काही आठवडे थांबायचं. किती ते डॉक्टर ठरवतात. मग जिथे उलटलं होतं तिथपर्यंत चार ते आठ आठवड्यांत हळूहळू यायचं, एका उडीत नाही. त्या डोसच्या खाली जाताना मात्र पहिल्यापेक्षा सावकाश: पायरी छोटी करा किंवा मुक्काम लांबवा. चार आठवड्यांऐवजी सहा किंवा आठ.

१.२५ ची पायरीही झेपत नसेल तर एक युक्ती डॉक्टरांना विचारून वापरा. एक दिवस ६.२५, एक दिवस ५, असं दोन-तीन आठवडे, आणि मग रोज ५. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिनाभराचे आकडे आधीच लिहून ठेवा, कारण "काल कोणती घेतली?" हा प्रश्न तिसऱ्याच दिवशी पडतो. इथे गोळी रोज असते, फक्त आकडा बदलतो. एक दिवस गोळी आणि एक दिवस काहीच नाही, असा याचा अर्थ नाही. हा गैरसमज करून आलेल्या एका आजोबांना मी दुकानातच बसवून कॅलेंडर भरून दिलं होतं.

*पडताळा:* नवी पायरी घेतल्याच्या दहाव्या आणि विसाव्या दिवशी तीन कामांची खूण मुद्दाम बघा. आजार उलटायला लागतो तो याच सुमारास, आणि लवकर सापडला तर थोड्याशा वाढीने भागतं.

## टप्पा ८ : दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उलटलं तर

जवळपास निम्म्या रुग्णांचा आजार उतरताना एकदा तरी उलटतो. त्यात रुग्णाचा दोष नाही आणि डॉक्टरांचाही असेलच असं नाही. पण दोनदा उलटला, किंवा मधुमेह, काचबिंदू, ठिसूळ हाडं यांमुळे स्टिरॉइड लांबवणं परवडत नसेल, तर स्टिरॉइड कमी करायला मदत करणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. ते साधारण ७.५ ते १० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच असतं, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात, त्यामुळे ते सुरू झालं म्हणून स्टिरॉइड लगेच सोडायचं नसतं.

हे औषध चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घसरतात, जीव जाऊ शकतो. वार ठरवा आणि तो पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडे पट्टीवर "फक्त गुरुवार" असं लिहून देतो, आणि मेथोट्रेक्सेटची पट्टी रोजच्या औषधांच्या डब्यात न ठेवता वेगळी ठेवायला सांगतो. यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशींच्या तपासण्या ठरलेल्या वेळी कराव्याच लागतात. दारू घेणाऱ्यांनी ते आधीच सांगावं.

## टप्पा ९ : मध्येच ताप, उलटी किंवा ऑपरेशन

आजारपणात निरोगी शरीर स्वतःचं स्टिरॉइड वाढवतं. तुमच्या ग्रंथी झोपलेल्या असल्याने ते होत नाही. म्हणून ताप १००.४ च्या वर गेला तर गोळी बंद करायची नसते. कमी डोसवर असलेल्यांना डॉक्टर ताप असेपर्यंत डोस साधारण दुप्पट करायला सांगतात. तुमच्यासाठीचा आकडा आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ताप गेला की नेहमीच्या डोसवर परत. त्या आठवड्यात नवी पायरी उतरायची नाही.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा घ्या. तीही बाहेर पडली, किंवा जुलाब थांबत नाहीत, तर घरी थांबू नका. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन सांगा की स्टिरॉइड बऱ्याच महिन्यांपासून चालू आहे आणि पोटात टिकत नाही. तिथे हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन द्यावं लागतं. नुसत्या सलाइनने भागत नाही. मोतीबिंदू, दात काढणं, हर्निया, कोणतंही ऑपरेशन ठरलं तरी आधी हेच सांगा.

पाकिटात किंवा बटव्यात एक चिठ्ठी कायम ठेवा: नाव, "प्रेडनिसोलोन चालू, अचानक बंद करू नये", आत्ताचा डोस, सुरू केल्याचा महिना, घरच्यांचा फोन. डोस बदलला की चिठ्ठी बदला. आईची चिठ्ठी तिच्या कनवटीला असते.

## तज्ज्ञांकडे जायच्या दिवशी

वही, बरं असतानाचा आणि आत्ताचा रक्ताचा कागद, सगळ्या औषधांच्या पट्ट्या, पुडी असेल तर पुडीसुद्धा, एका पिशवीत रात्रीच भरून ठेवा. वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहा: "शेवटचा बरा डोस इतका, उलटला तो डोस इतका." डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

पहाटेच्या गाडीने नाशिकला निघणारे पुष्कळ जण "रक्त द्यायचं आहे" म्हणून उपाशी निघतात आणि गोळीही घेत नाहीत. दुपारी नंबर लागतो तोवर अंग जखडलेलं असतं आणि चक्कर येत असते. सीआरपी आणि ईएसआरसाठी उपाशी राहावं लागत नाही. सकाळचं कॉर्टिसॉल करायचं असेल तरच डॉक्टर त्याआधी गोळी थांबवायला सांगतात, आणि ते स्पष्ट सांगतात. तसं सांगितलं नसेल तर दोन घास भाकरी खाऊन, गोळी घेऊनच गाडीत बसा.